दहावा शब्द

आमच्या ज्यूंच्या प्रार्थनालयाला गल्लीतले लोक अजून ‘इस्रायलांची मशीद’ म्हणतात. तिथे माणसं मोजायची नाहीत, हे मला चालायला येण्याआधीच शिकवलं असावं. एक, दोन, तीन म्हटलं की नजर लागते. पण सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष तर हवेतच. मग आमचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आधी स्वतःच्या छातीवर आणि मग एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत हिब्रू ओळीतला एकेक शब्द म्हणत जातात. ओळ दहा शब्दांची. ती पुरी झाली की दहा जण आहेत हे कळतं आणि कोणी मोजलेलंही नसतं. देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायची ही युक्ती मला फार आवडायची.

पूर्वी ही ओळ दोनदोनदा म्हणावी लागे. मग घरं मुंबईला गेली, मुंबईहून इस्रायलला गेली, आणि ती एकदाच पुरू लागली. दहावा शब्द बाबांचा. कुलूप उघडणं, तेलाचे दिवे लावणं त्यांच्याकडे, म्हणून ते दाराजवळच्या बाकावर बसत आणि हजानांचा हात त्यांच्यापाशी शेवटी येई.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी मी वर बायकांच्या सज्जात बसले होते. खाली पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, “दहाच राहिले.” घरी येताना बाबा म्हणाले, “मोजू नको गो. माणसं काय पेटीतले आंबे आहेत?” हसतच म्हणाले, पण नंतर घरापर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले.

पुढच्या महिन्यात त्यांना घास गिळताना त्रास होऊ लागला. डॉक्टरांनी कारण सांगितलं, मला ते पटलं. तरी माझं ते “दहाच” माझ्या मनातून जाईना.

बाबांना मरणाची नव्हे, कद्दीशची काळजी होती. मेलेल्यासाठी म्हणायची ही प्रार्थना दहांशिवाय होत नाही. इतरांच्या कद्दीशला ते जन्मभर उभे राहिले. “मी गेलो की नऊच उरतील गो,” ते वाती वळत म्हणाले. मी म्हटलं, मुंबईचा चुलतभाऊ येईल की. “येईल तो. पण वेळेवर?” मला त्यांचा रागच आला.

बाबा शुक्रवारी पहाटे गेले. सूर्य मावळला की शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागतो, मग दफन करता येत नाही. कातळात कबर खणता खणता दुपार उलटली. चुलतभावाचा दोन वाजता फोन आला, सावर्ड्याजवळ अडकलोय, पुढे टँकर आडवा झालाय. चार वाजताही तो सावर्ड्यातच होता. पाचनंतर त्याचा फोन लागेना.

कबरस्तानात मी कुंपणाच्या दगडी गडग्याजवळ उभी होते. मोजायचं नाही असं ठरवूनही डोळ्यांनी मोजलंच. नऊ.

हजानांनी खांद्यांवर हात ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. नऊ शब्द झाले आणि हात हवेत राहिला. मग ते गुडघे टेकून बसले, पांढरं कापड चाचपलं, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दहावा शब्द म्हणाले. त्याचा अर्थ ‘सदासर्वकाळ’ असा आहे.

त्यांना दिसलं नाही की दिसूनही त्यांनी तसं केलं, हे मी अजून विचारलेलं नाही. कद्दीश सुरू झाली. मेलेला माणूस दहात धरत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं, मीही म्हटलं. मला फार बरं वाटलं आणि तितकीच भीतीही वाटली.

पुढच्या शुक्रवारी कुलूप मी उघडलं, दिवे मी लावले आणि सज्जात जाऊन बसले. हजान दारापर्यंत आले. बाबांच्या रिकाम्या बाकावर हात ठेवून त्यांनी दहावा शब्द म्हटला. त्या दिवसापासून नवव्या शब्दाचे गृहस्थ त्या बाकापासून जरा लांब सरकून बसतात.