भुरीला आतषबाजीला नेलं तेव्हा

कौतिक बहिरा झाला तो विहिरीत. ऐन उमेदीत तो विहिरींना सुरुंग लावायचं काम करायचा. तेव्हा जळगावच्या पूर्वेकडच्या भागात केळीचे मळे वाढत चालले होते आणि ज्याला त्याला विहीर हवी होती. खाली काळा खडक लागला की कौतिकला बोलावणं यायचं. एकदा असाच एक सुरुंग उडाला नाही. बराच वेळ वाट पाहून, वात विझली असं समजून कौतिक खाली उतरला आणि तेवढ्यात तो उडाला. अंगावरच्या जखमा पुढे भरून आल्या. दोन्ही कानांतून मात्र रक्त आलं होतं, आणि ते थांबलं तेव्हा ऐकू येणंही थांबलेलं होतं.

बोलता त्याला येत होतं. पण स्वतःचा आवाज कळेना, म्हणून साधं पाणी मागायचं तरी तो ओरडायचा. पोरंसोरं हसायची. मग त्यानं बोलणंच कमी केलं. त्याची बायको धुरपदाबाई त्याच्याशी हातांनी आणि ओठांनी बोलायची. मूलबाळ नव्हतं. दोघं बोदवडला स्टेशनच्या अलीकडे एका कुडाच्या घरात राहायची, अंबाडीचे दोर वळायची, बैलांची दावी आणि कासरे करायची, आणि कौतिक ते डोक्यावर घेऊन आजूबाजूच्या बाजारांना जायचा.

बहिऱ्या माणसानं एकट्यानं रस्त्यानं चालणं ही साधी गोष्ट नाही. मागून गाडी आली, बैल उधळले, सायकलवाल्यानं घंटी वाजवली, त्याला काही कळायचं नाही. दोनदा तो गाडीखाली येता येता वाचला. धुरपदाबाई तो घरी येईपर्यंत दारात उभी असायची.

मग भुरी आली. लखीचंदशेठच्या जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगाआड एक कुत्री व्याली होती, त्यातलं हे मातकट रंगाचं पिल्लू कौतिकच्या मागे मागे घरी आलं. मोठी झाल्यावर ती त्याच्याबरोबर बाजाराला जाऊ लागली. मागून काही आलं की ती त्याच्या धोतराचा सोगा दातात धरून त्याला बाजूला ओढायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरी कुणी हाक मारली की ती जाऊन त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवायची आणि दाराकडे बघायची. लोक म्हणायचे, कौतिकभाऊचे कान चार पायांवर चालतात. धुरपदाबाईचं दारात उभं राहणं थांबलं.

कौतिकला एकाच गोष्टीची हौस होती. आतषबाजी. जत्रा असो, कुणाच्या लग्नाची वरात असो, शोभेची दारू उडणार असं कळलं की तो चार कोस चालत जायचा. भजनाला किंवा तमाशाला बसलं तर त्याला नुसती हलणारी तोंडं दिसायची. लोक हसले की उशिरानं हसावं लागायचं. आकाशात बाण फुटून रंग पसरले की मात्र सगळी गर्दी वर बघायची, आणि त्यात तो कुणापेक्षा कमी नव्हता. त्याच्यापुरतं ते सगळं अगदी शांत असायचं. इतकी वर्षं झाली होती, की त्या फुलांना आवाजही असतो हे तो विसरून गेला होता.

बांगलादेशच्या लढाईच्या आदल्या वर्षी, माघात, लखीचंदशेठच्या मुलाचं, निर्मलकुमारचं लग्न निघालं. धुळ्याहून दारूकाम करणारे येणार, जिनिंगमागच्या मोकळ्या रानात ठिणग्यांची झाडं, चक्र्या, बाण असं सगळं उडणार, गावातल्या कुणीही यावं, असं शेठनं सांगितलं होतं. कौतिक आठवडाभर त्याच आनंदात होता.

त्या दिवशी संध्याकाळी तो भुरीच्या गळ्यात दोरी बांधू लागला तेव्हा धुरपदाबाईनं त्याचा हात धरला. तिनं कानांवर हात ठेवून मान हलवली आणि ओठांनी सावकाश म्हणाली, "तिले नको नेऊ. लई आवाज व्हईन. भेईन ती."

"मांगच्या दिवाळीले घरीच ठेवली व्हती ना?" कौतिक मोठ्यानं म्हणाला. "काय झालं मंग? दार उकरू उकरू नखं फोडून घेतली तिनं. येकटी ठेवली म्हनून भेली. माह्याजवळ राह्यली तर कशाले भेईन?"

"मी थांबते तिच्याजवळ. तुमी जा."

"आन मी गर्दीतून येऊ कसा? गाड्या किती राहतीन तठी."

तिनं त्याचा हात सोडला. मग तो हसून भुरीच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाला, "पाहू दे तिले बी. आपल्याच घरची आहे ती. आपून पाह्यचं आन तिनं अंधारात बसायचं का?"

शेजारी जीवराम राहायचा, रेल्वेच्या गँगमध्ये कामाला होता. तोही निघाला होता. धुरपदाबाईनं त्याला विचारलं, "तुमाले काय वाटते, जीवरामभाऊ?" जीवराम म्हणाला, "वहिनी, घरी ठेवली तरी भेते, नेली तरी भेईन. निदान मालक जवळ असला म्हंजे धीर राहते." तिला ते पटलं नाही, पण ती दारातून बाजूला झाली. रानात पुढे झालं ते सगळं जीवरामनंच सांगितलेलं आहे.

रानाच्या तोंडाशी शेठच्या आई भंवरीबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. येणाऱ्याला बुंदीचा पुडा देत होत्या. म्हातारीला हे दारूकाम मुळीच पसंत नव्हतं. किडामुंगी जळते, पाखरं मरतात, असं म्हणून तिनं घरात पुष्कळ विरोध केला होता, पण जैनाघरचं लग्न असूनही पोरांनी ऐकलं नव्हतं. वरातीच्या बॅंडनंच भुरीचं शेपूट पायात गेलेलं तिला दिसलं. ती कौतिकला म्हणाली, "भाऊ, घरी न्या हिला. बापडी आत्ताच कापतेय." तो नुसता बघत राहिला, तेव्हा तिनं हातानं कुत्रीकडे आणि मग रस्त्याकडे बोट केलं.

कौतिकला वाटलं, कुत्र्याला आत येऊ देत नाहीत. त्याचा चेहरा पडला. "काय नाही करत ती," तो ओरडून म्हणाला. "कोनाले चावत नाही. कोपऱ्यात उभे राह्यतो आमी." आणि म्हातारी आणखी काही बोलायच्या आत तो भुरीला ओढत पुढे गेला. जीवरामनं त्याला खुणेनं समजवायचा प्रयत्न केला. पण तोवर पहिलं झाड पेटलं होतं आणि कौतिकचे डोळे तिकडे लागले होते.

दोरी त्यानं मनगटाला गुंडाळून घेतली होती. झाड उडालं तेव्हा भुरी जमिनीला चिकटली. चक्र्या सुटल्या तेव्हा ती त्याच्या दोन पायांमध्ये शिरली. कौतिकला तिचं थरथरणं जाणवलं. थंडी वाजते, असं त्याला वाटलं. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून तिच्यावर टाकलं, तिला मांडीशी दाबून धरलं आणि वर बोट दाखवून म्हणाला, "पाह्य, पाह्य भुरे!"

मग बाण सुरू झाले. एकामागून एक. जीवराम सांगायचा, छातीत धडधड व्हायची, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बायका पोरांचे कान दाबून उभ्या होत्या. भुरी रडत होती, ओरडत होती, दोरीला हिसके देत होती. कौतिक वर बघत होता. हिसका बसला की तो खाली न बघताच दोरी आणखी आवळायचा, ती गर्दीत हरवू नये म्हणून. मोठा बाण डोक्यावर फुटला आणि सगळं रान हिरवंनिळं झालं, तेव्हा भुरीनं त्याचा हात चावला. पार हाडापर्यंत दात गेले. त्यानं हात झटकला, दोरी मनगटावरून निसटली, आणि तो खाली बघेपर्यंत ती माणसांच्या पायांतून गेली होती.

"भुरीऽ! भुरेऽ!" तो ओरडत होता. वर बाण फुटतच होते. त्याचं ओरडणंही कुणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दोघं नवराबायको तिला शोधायला निघाली. रेल्वेलाइनच्या कडेनं, नाल्यातून, कापसाच्या उभ्या पऱ्हाटीतून. चावलेल्या हाताला धुरपदाबाईनं हळद भरून फडकं बांधलं होतं. कौतिक हाक मारायचा आणि थांबायचा. मग तो वळून बायकोच्या तोंडाकडे बघायचा. भुरी कुठून कण्हली, भुंकली, तर ते हिलाच ऐकू येणार होतं. ती कान देऊन उभी राहायची, आणि थोड्या वेळानं नाही म्हणून मान हलवायची. मग पुढच्या शेतात पुन्हा हाक, पुन्हा तिच्या तोंडाकडे बघणं. संध्याकाळपर्यंत त्याचा घसा बसला. धुरपदाबाई पुढे एकदा म्हणाली, "मान हालवू हालवू मले वाटे, आपूनच तिले मारू राह्यलो. एक डाव तर खोटंच हो म्हनावं वाटलं."

भुरी सापडली जीवरामला, बऱ्याच दिवसांनी, लाइनीखालच्या एका मोरीत. तो तिला पोत्यात घालून घेऊन आला. हाडं दिसत होती, गळ्यातली दोरी मांसात रुतली होती. पोतं सोडलं तशी ती घरात पळाली आणि कणगीमागच्या फटीत जाऊन बसली. कौतिक गुडघ्यांवर बसून तिला हात पुढे करू लागला. ती आणखी आत सरकली. त्याला दिसलं की तिनं मुतलं आहे.

धुरपदाबाईनं भाकरी दुधात कुस्करून ठेवली तर तिच्या हातची ती खायची. कौतिकची सावली पडली की थांबायची.

आठ-पंधरा दिवस त्यानं वाट पाहिली. मग एका दुपारी दोर वळता वळता त्यानं हात थांबवले आणि बायकोला विचारलं, "धुरपदे, आवाज केवढा व्हता गं?"

तिनं हात हलवला, राहू द्या म्हणून.

"सांग ना. सुरुंगावानी व्हता?"

धुरपदाबाई नंतर म्हणायची की त्या वेळी खोटं बोलायला पाहिजे होतं. पण आवाज तिला घरापर्यंत ऐकू आला होता; ती पटकन मान हलवून गेली, होय म्हणून. त्यानं हातातली अंबाडी खाली ठेवली. सुरुंग काय असतो ते त्याला सांगायची गरज नव्हती. अपघातानंतर कितीतरी महिने झोपेत तो खाटेवरून उडून पडायचा, हे तिनंच पाहिलं होतं.

"आन मी तिले धरून ठेवली," तो म्हणाला. या वेळी ओरडून नाही; इतक्या हळू, की तिला ओठांवरून ओळखावं लागलं. "ती सोड म्हने, आन मी दोरी आवळे."

भुरी पुन्हा घराबाहेर आली नाही. मालगाडीनं शिट्टी दिली की थरथरायची, भांडं पडलं की कणगीमागे अंग चोरायची. पावसाळा लागल्यावर, ढग गडगडायला लागले त्या आठवड्यात तिनं खाणं सोडलं आणि ती तिथंच मेली. कौतिकनं तिला घरामागे पुरलं. तेवढ्यापुरता तरी त्याला तिला हात लावता आला, असं जीवराम म्हणायचा.

चहाच्या दुकानात यावर पुष्कळ बोलणं झालं. कुणी म्हणे, कुत्र्याला अशा ठिकाणी नेऊच नये. कुणी म्हणे, गावातली इतकी कुत्री होतीच की तिथं, ती कुठं मेली? भंवरीबाईंनी शेठकडून निरोप पाठवला की जिनिंगमध्ये पुन्हा पिल्लं झाली आहेत, कौतिकभाऊंनी एखादं न्यावं. जीवराम स्वतः एक पिल्लू घेऊन आला. काळं, गुटगुटीत. कौतिकनं ते मांडीवर घेतलं नाही. "माह्याजवळ नको," तो म्हणाला. "मले ते काय म्हनते ते कळनार नाही."

बाजाराला तो एकटा जाऊ लागला. धुरपदाबाई पुन्हा दारात उभी राहू लागली. दिवाळी झाल्यावर नाडगावच्या रस्त्यावर कापसाची भरलेली गाडी त्याच्या अंगावरून गेली. गाडीवान रडत सांगत होता की त्यानं आरोळ्या मारल्या, बैलांच्या गळ्यात घुंगरं होती. कौतिक त्याच्या तोंडाकडे बघत होता. मांडीचं हाड मोडलं होतं. जळगावला नेऊन प्लास्टर घातलं, पण ते वाकडं जुळलं, आणि त्यानंतर तो खाटेवरून फारसा उठला नाही.

मग दुष्काळ पडला. अंबाडी मिळेना, दोर कुणी घेईना. बैलच राहिले नव्हते लोकांकडे. धुरपदाबाई सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सकाळी त्याच्या उशाशी पाणी आणि भाकर ठेवून जायची आणि दिवेलागणीला यायची. दार ती उघडंच ठेवायची, कारण आतून लावलं तर परत आल्यावर वाजवून उपयोग नव्हता. त्या उघड्या दारातून दुपारी उपाशी भटकी कुत्री आत यायची, खाटेखाली हुंगायची, त्याच्या उशाची भाकरही न्यायची. कौतिक त्यांना हाकलायचा नाही आणि जवळही घ्यायचा नाही. भिंतीकडे तोंड करून ती जाईपर्यंत पडून राहायचा.