अडतीस चेहरे आणि मधली मोकळी जागा

आमच्या काळेवाडीच्या चौकात मंडळाच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, तेव्हा त्यावर खाली अडतीस शुभेच्छुकांचे फोटो होते. मी मोजले होते. चाकणच्या एका कंपनीत मी एकवीस वर्षं तपासणी विभागात आहे. रोज पार्ट मोजायची सवय सुटीच्या दिवशीही जात नाही.

पुढे तो फ्लेक्स उतरवला आणि आमच्या गच्चीवरच्या टाकीवर झाकण म्हणून आला. तिथून तो माझ्या मुलीने खाली आणला, धुतला आणि हॉलभर पसरला. ती चित्रकला शिकलेली. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं लहान मुलांचे क्लास घेत होती. आता पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी तिची पहिल्यांदाच निवड झाली होती. विषय होता प्रसिद्ध माणसं आणि त्यांच्याभोवतीची गर्दी.

तिने सहा फूट बाय चार फुटांच्या कॅनव्हासवर तोच फ्लेक्स रंगवला. खालचे अडतीसही चेहरे बारकाईने काढले. फ्लेक्सवाल्याने गोरे, गुळगुळीत केलेले चेहरे तिने चौकात बसून, पाहून, जसे आहेत तसे केले. मधे मात्र, जिथे अध्यक्ष गॉगल लावून उभे होते, तिथे नुसता निळा रंग.

"त्याला सगळे बघतातच, बाबा," ती म्हणाली. "त्याच्या खाली जागा मिळावी म्हणून किती धडपड चालते, ती मला दाखवायचीय."

मला निम्मं कळलं. पण एक गोष्ट खटकली. लोकांचे चेहरे त्यांना न विचारता काढायचे? कंपनीत साधा स्क्रू बदलायचा तरी सही लागते. म्हणून तिला न सांगता मी मोबाइलमध्ये चित्राचा फोटो घेतला, एक वही घेतली आणि एकेकाची परवानगी घ्यायला निघालो.

सुरुवात गॅरेजवाल्यापासून केली. तो खूश झाला. "एक नंबर, काका! पण मी तिसऱ्या ओळीत का? फ्लेक्सवर पण मला तिथंच टाकलं होतं. आता हाताने काढतेय तर वर घ्या की राव."

"अहो, ते त्या फ्लेक्सचंच चित्र आहे."

"म्हणून तर म्हणतोय. झालेली चूक सुधारायचा चान्स आहे."

जिमवाल्याला डोळ्यांखालचं काळं नको होतं. मी म्हटलं, "पण ते आहे ना तुम्हाला?" तो म्हणाला, "आहे, पण फ्लेक्सवर नव्हतं." गावठाणातले एक म्हातारे तर उठूनच उभे राहिले. "आमी हितले जुने. आन् माझ्या शेजारी ह्यो कालचा भाडेकरू? न्हाई. ह्याला तिकडं सरकवा."

दोन दिवसांत एकोणीस जण झाले. नाही कुणीच म्हणालं नाही, पण सोळा जणांनी दुरुस्त्या सांगितल्या. मी त्या मुकाट्याने लिहून घेतल्या. मधली जागा मोकळी का, हे एकानेही विचारलं नाही. ते विचारलं अध्यक्षांनी, मला मंडळाच्या ऑफिसात बोलावून.

"काका, अडतीस जण काढले आणि मीच नाही?" ते हसत होते, पण हसू चेहऱ्यावर टिकत नव्हतं.

त्यांचा मित्र म्हणाला, "भाऊंचा वाढदिवस आणि भाऊच गायब! वरात निघाली, नवरदेव घरी."

"परवाच नवीन फोटो काढलाय," अध्यक्ष म्हणाले. "पाठवतो. तेवढा मधे टाकून द्या. प्रदर्शनाला आपली पन्नास माणसं येतील."

मला तिथून सुटायचं होतं. मी म्हणालो, "सांगतो तिला. काढेल ती."

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं, वही दाखवली. तिने सोळाही दुरुस्त्या वाचल्या.

"सगळ्यांना विचारलंत, बाबा. मला कधी विचारणार होतात?"

"तुला उद्या त्रास नको म्हणूनच गेलो ना?"

"आजपर्यंत ती नुसती मोकळी जागा होती. आता मी त्याचा चेहरा काढला नाही, तर तो त्याचा अपमान ठरणार. आणि काढला, तर चित्र कशाला पाठवायचं? त्यापेक्षा फ्लेक्सच पाठवते." तिने कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला. चित्र पोचवायला चार दिवस उरले होते आणि ते पाठवायचंच नाही, असं तिने जाहीर केलं. बायको आतून म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितली होती नसती उठाठेव?" मला त्या सोळा जणांचा राग आला, अध्यक्षांचा आला, मुलीचाही आला. रात्रीपर्यंत हिशेब माझ्यापाशीच येऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर तसाच मंडळाच्या ऑफिसात गेलो. अध्यक्ष एकटेच होते.

"शब्द मी दिला, पण तो द्यायचा अधिकार मला नव्हता. चित्र तिचं आहे. तुमचा चेहरा त्यात येणार नाही."

"का पण? माझ्यात काय कमी आहे?"

"तसं नाही. तुम्हाला सगळे बघतातच, असं तिचं म्हणणं आहे."

त्यांनी हातातला मोबाइल टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "फ्लेक्स लागला त्या दिवशी मी समोरच्या टपरीवर उभा होतो, काका. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. जो तो खाली वाकून स्वतःचा फोटो शोधत होता."

"हे तिला येऊन सांगाल का?"

"नको. जाऊ द्या तसंच. मी काही येणार नाही बघायला."

मी हे घरी जसंच्या तसं सांगितलं. मुलीने एकच विचारलं, "खाली वाकून, असं म्हणाला?" मी हो म्हणालो. तिने कॅनव्हास सरळ केला आणि त्यासमोर बसली. ब्रश उचलला नाही. तिसऱ्या दिवशी तिने टेम्पो बोलावला. मी बरोबर येऊ का, असं विचारलं.

"या. पण तिथे कुणाला काही विचारायचं नाही."

प्रदर्शन झालं, चित्र परत आलं. तरी अजून बसमधून उतरलो की गॅरेजवाला हाक मारतो, "काका, घेतलं का वर?" जिमवाला डोळ्यांखाली बोट फिरवून दाखवतो. म्हातारे तर माझ्याशी बोलतच नाहीत. मी एकेकाला "नाही" सांगत घरी येतो. मुलीने नवीन कॅनव्हास ताणलाय, त्यावर काय काढणार ते मला सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही, पण रोज जीभ शिवशिवते.