तिसऱ्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची

लातूर जिल्ह्यात ज्याची नक्कल आमच्या आत्यानं केलेली नाही असा माणूस एक तर अजून जन्मायचा आहे, नाहीतर त्यानं तिच्यासमोर कधी तोंड उघडलेलं नाही. आज टीव्हीवरच्या मालिकांत आणि नाटकांत ती जी भांडकुदळ शेजारीण, चोंबडी नणंद, बहिरी सासू होऊन अख्ख्या महाराष्ट्राला हसवते, त्या सगळ्या बायका मी रेणापूरला लग्नाच्या पंगतीत प्रत्यक्ष पाहिलेल्या आहेत. दोघी जावा भांडत असल्या की लोक सोडवायला धावतात, आत्या पदर खोचून जवळ बसते आणि म्हणते, "थांब गं, त्यो शेवटचा शब्द पुन्हा एकदा म्हण. निसटला माझा." नांदेडच्या एसटीत पुढच्या बाकावरच्या दोघींची सुनेवरून चाललेली गाऱ्हाणी संपेनात, म्हणून ती उतरायचं गाव सोडून थेट देगलूरपर्यंत गेली होती. नातेवाईक रागावतात असं मात्र नाही. एका मामांनी तिच्याशी तीन वर्षं अबोला धरला, तो त्यांची नक्कल अजून केली नाही म्हणून!

मुंबईत सुरुवातीला तिची बोली सुधारायला एक शिकवणाऱ्या बाई ठेवल्या होत्या. महिन्याभरानं त्या बाईच फोनवर कुणाला तरी "लई झालं आता" म्हणताना सापडल्या. शिकवणी बंद झाली. मला तर हे सांगताना आजही छाती फुगल्यासारखं होतं.

एवढ्या लोकांना हसवणाऱ्या आत्याला एका माणसानं मात्र आयुष्यभर हुलकावणी दिली. तो माणूस म्हणजे तिचे थोरले भाऊ, माझे वडील. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. लातूरला आमचं कापडाचं दुकान. कॉलेजच्या गॅदरिंगला आत्या अण्णांचीच टोपी घालून स्टेजवर गेली, तेव्हा घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "लोकं तुझ्यावर हसतेत, पोरी." आत्या म्हणाली, "त्यासाठीच तर गेले होते की, अण्णा!" पुढे तिचं नाव झालं, रस्त्यात लोक थांबवून फोटो काढू लागले, पण अण्णा एकाही प्रयोगाला आले नाहीत. बोलावलं की म्हणायचे, "दुकान कोण बघावं?" तरी लातूर-नांदेडच्या प्रत्येक प्रयोगाला आत्या तिसऱ्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची राखून ठेवायला लावायची आणि पडदा उघडण्याआधी फटीतून एकदा तिकडे बघायची. खुर्ची रिकामी दिसली की नाक पुसायची आणि आत जाऊन दुप्पट हसवायची.

गेल्या वर्षी लातूरच्या प्रयोगाला अण्णा कुणालाच न सांगता आले. मांडीवर कापडी पिशवी घेऊन त्या खुर्चीत ताठ बसले. मी शेजारी, जीव मुठीत धरून. कारण नाटकात कापड दुकानाचा प्रवेश होता. आत्या चिकट गिऱ्हाईक, आणि दुकानदार झालेल्या नटाला तिनं अण्णांची एकूणएक लकब शिकवलेली: एका झटक्यात साडी उलगडणं, स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवणं. लोक पोट धरून हसत होते. अण्णा मात्र उठले. मला वाटलं, संपलं सगळं, हे चालले घरी.

ते चालले होते स्टेजकडे. आमच्याकडे गावच्या जत्रेत कलाकाराचं कौतुक करायचं तर खेळ संपायची वाट कुणी बघत नाही. आवडलं की उठायचं, वर जायचं, आहेर करायचा. थिएटरात तसं चालत नाही, हे अण्णांना कोण सांगणार? चालू प्रवेशात ते पायऱ्या चढले आणि पिशवीतून हिरवं इरकल काढलं. दुकानदार झालेला नट भांबावून बाजूला सरकला. आत्याचे डोळे भरले, ते मला तिसऱ्या रांगेतून दिसलं. पण ती आत्या! कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मालक, रंग जाईल का हो ह्याचा?"

चाळीस वर्षांची सवय. अण्णांनी एका झटक्यात इरकल उलगडलं, स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "गेला तर परत आणा, बाई. नेसून आणलं तरी चालतंय!"

थिएटर कोसळायचं बाकी राहिलं. अण्णा दचकून लोकांकडे बघू लागले. आत्या हळूच म्हणाली, पण माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं, "अण्णा, लोकं तुमच्यावर हसतेत."

अण्णांनी खांद्यावरचं इरकल तिच्या हातात ठेवलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. "हसू दे की," ते म्हणाले.

ते इरकल आत्यानं स्टेजवर अजून एकदाही नेसलेलं नाही. मी विचारलं तर म्हणते, "नेसलं की रडू येतंय रे. मग लोकांना हसवू कशी?" अण्णांचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत, पण प्रयोग झाला की ती त्यांना न चुकता फोन करते. किती लोक आले, कुठे हसले, असलं ते काही विचारत नाहीत. रंग गेला नाही ना, एवढंच विचारतात. आणि ती म्हणते, "न्हाई, अण्णा. तसाच हाय."