मास्टरांची पन्हळ

गल्लीने शिंपीकाम करणाऱ्या मास्टरांना आजवर बसलेलंच पाहिलं होतं. मशीनवर वाकलेले, गळ्यात टेप, ओठांत टाचणी. त्यामुळे एका सकाळी ते शिडीवर उभे दिसले तेव्हा दूधवाला सायकलवरून उतरून वर बघत राहिला. माणूस ओळखीचा वाटेना. मग गळ्यातली टेप दिसली आणि खात्री पटली.

कारण होतं दुकानाच्या दारावरची जुनी प्लास्टिकची पन्हळ. छपराचं पाणी तिच्यातून कोपऱ्यापर्यंत जायचं. पण अलीकडे ती मधल्या जोडावर गळू लागली होती, आणि ते पाणी नेमकं खालच्या बाकड्यावर पडत होतं. बाकडं ताईचं. ताई म्हणजे मास्टरांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती. त्या बाकड्यावर बसून ती काजं करायची, बटणं लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खबरबात घ्यायची. बाकडं आत हलवलं, पण आत तिचा जीव रमेना.

"इथे बसून मी काय भिंतीशी बोलू?" ती म्हणाली. "आपल्या धाकट्या भावाचा फोन होता. त्याच्याकडे चांगला मोठा व्हरांडा आहे. रविवारी जाते मी. कायमचीच."

मास्टरांच्या हातातल्या शर्टाला कॉलर उलटी लागली.

म्हणून ही शिडी. आधी त्यांनी जोडावर बाहेरून सीलंट फासलं. पाऊस आला, पाणी तसंच टपकलं. मग वरून डांबरी पट्टी गुंडाळली.

"ठिगळ झकास बसलंय," ताई खालून म्हणाली. "पाण्याला तेवढं कळवायचं राहिलं."

शनिवारी लख्ख ऊन पडलं. ताई आतल्या खोलीत पिशवी भरत होती. साड्यांच्या घड्या घालता घालता थांबली.

"काय रे, ही तुझी पन्हळ दुपारचीच का कुरकुरते? सकाळी तर गप्प असते. पोटभर जेवलेल्या माणसाला पँट आवळावी, तशी कण्हते बघ."

मास्टरांनी मशीन थांबवलं. कान दिला. वरून खरंच कट्‌कट् आवाज येत होता. ते तडक शिडीवर चढले आणि जोडाकडे बघतच राहिले. ही पन्हळ त्यांनी स्वतः जोडलेली, टोकाला टोक भिडवून, मध्ये दोराही जाऊ नये अशी. त्या सफाईचं त्यांना केवढं कौतुक होतं. पण उन्हाने प्लास्टिक लांबतं. त्याला सरकायला जागाच नव्हती, म्हणून दोन्ही टोकं एकमेकांना रेटत वर उचलली गेली होती आणि खालची रबराची पट्टी जागची हलली होती. गिऱ्हाईक उद्या अंगाने भरेल म्हणून शिवणीच्या आत माया सोडायला मास्टर जन्मात विसरले नव्हते. इथे मात्र साफ विसरले.

"ताई," ते वरून म्हणाले, "मी पन्हळ अगदी अंगाबरोबर शिवली गं."

"मग उसव."

शिडी धरायला कोणी नव्हतं. ताई खालच्या पायरीवर ठाण मांडून बसली. "माझ्या वजनाचा आज तरी उपयोग होऊ दे."

मास्टरांनी डांबर खरवडलं, क्लिपा काढल्या, जोड मोकळा केला. रबराच्या पट्टीतली माती धुतली. शिंप्याच्या खडूने खूण करून एक टोक करवतीने कापलं. मग पट्टीला साबण लावून दोन्ही टोकं जोडात पुन्हा बसवली, या वेळी मध्ये बोटभर फट राखून. आणि वरच्या बाजूने बादली ओतली.

ताई जोडाखाली तळहात धरून उभी होती. पाणी वरून खळखळत कोपऱ्याकडे गेलं.

"पडलं?"

"ओत आणखी."

दुसरी बादली गेली. ताईने तळहात उलटासुलटा करून पाहिला, भावाच्या दिशेने वर धरला आणि हसत सुटली. हसता हसता बाकड्याचं एक टोक धरून ते दाराबाहेर ओढायलाही लागली.

"धाकट्याला फोन कर. म्हणावं, तुझ्या व्हरांड्यातून रस्ता दिसत नाही."

"दिसतो की गं."

"तू गप्प बस. मला ठाऊक आहे काय दिसतं ते."

पिशवी परत फळीवर गेली. ताई आता ऊन असो की पाऊस, दारातच बसून बटणं लावते. मास्टर रोज दुकान उघडलं की आधी तिचं बाकडं पुसतात, मग मशीन.