अम्मानं स्क्रीनची दृष्ट काढली

असल्या सदरांत लिहिणाऱ्यांवर मी आजवर मनसोक्त हसलोय, हे आधीच कबूल करतो. दृष्ट, करणी, बाहेरचं — या विषयांचा मला वीट आहे. तरी आज त्यांच्याच पंगतीत येऊन बसलोय, त्याची स्वतःलाच शिसारी येतेय.

मी सोलापूरचा, अशोक चौकाच्या मागच्या गल्लीतला. चादरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. त्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स. मुलगी श्रावणी पुण्यात हॉस्टेलला. एरवी फोनवर "हं", "जेवले", "ठेवते"... संपलं. पण रविवारी दुपारी चार ते पाच आम्ही दोघं एक ऑनलाइन गेम खेळायचो आणि त्या तासात पोरगी बोलायची. मैत्रिणी, परीक्षा, रडणं, सगळं.

नेमका त्याच तासात स्क्रीन गोठायचा. पडद्यावर चित्र उमटवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर हँग! माउस मेला, कीबोर्ड मेला, बटण दाबून मशीन बंद करण्याशिवाय इलाज नाही. दोन महिने हेच. लिनक्सच्या ऑनलाइन फोरमवरचे शहाणे सांगायचे — कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच बदल, केबल बदल, कार्डच बदल. मशीनच्या नोंदींचे लॉग मागायचे आणि वाचायचे नाहीत. अक्षरशः थुंकावंसं वाटायचं. शेवटी श्रावणी म्हणाली, "पप्पा, राहू द्या की आता. दर वेळी हेच." ते फार झोंबलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी नवा कर्नल, नवा ड्रायव्हर टाकला आणि रीस्टार्ट करायचं विसरलो. म्हणजे चालू होतं ते जुनंच. सव्वाचारला परत गोठला. स्क्रीनवर श्रावणीचं पात्र — निळा झगा, लांब वेणी — तलवार उचलून उभं. माझ्या शिव्या पोरीला ऐकू जाऊ नयेत म्हणून मी खेळताना स्पीकरवर चालू ठेवलेल्या फोनचा माइक बंद केला.

आमची अम्मा, म्हणजे माझी आई, दारातून बघत होती. आम्ही घरात तेलुगू बोलतो, पण ती चिडली की मराठीवर येते.

"पोरगी कवाची तशीच उभी हाय की रं! दिष्टी लागली तिला."

"अम्मा, ती श्रावणी न्हाय. चित्र हाय ते."

"गप बस तू."

मीठ-मिरच्या मुठीत घेऊन तिनं स्क्रीनवरून उतरवल्या आणि धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर टाकल्या. मी नाक दाबलं. धूर झाला, पण ठसका नाही... आम्हा दोघांनाही नाही. खोकत होती ती फोनमधली श्रावणी.

"पप्पा, इथं कुणी मिरची जाळली की काय... डोळ्यांतून पाणी यायलंय!"

आणि स्क्रीनवरच्या पात्रानं तलवार खाली घेतली. आपोआप. मी कशालाही हात लावला नव्हता.

रात्री मशीन बंद केलं, सकाळी नवा कर्नल सुरू झाला. त्यानंतर स्क्रीन एकदाही गोठला नाही. आमच्या धंद्यातला पहिला नियम, एका वेळी एकच बदल. मी गाढवानं एका दिवसात दोन होऊ दिले! चरफडत जुना कर्नल, जुना ड्रायव्हर परत आणला. तीन रविवार खेळलो. गोठत नाही.

राहिला दुसरा बदल. तो उलटवून बघायचा तर काढलेली दृष्ट परत लावावी लागेल... आणि ती कुणाला?

हे सगळं का, कसं, मला आजही सांगता येत नाही. फोरमवर मी नोंदवलेल्या तक्रारीत, बग रिपोर्टमध्ये, "कशानं सुटलं" असा रकाना होता. तो रिकामा ठेवला आणि रिपोर्ट बंद केला. स्वतःची लाज वाटते. पण ती एक चाचणी मी करणार नाही.