हवाबाई आणि पंचाहत्तरीतला पाच

समारंभाचे हॉल सजवणाऱ्या त्या बाईंना सगळे हवाबाई म्हणत. शिवणकाम सोडून त्या फुग्यांच्या धंद्यात आल्या आणि पहिल्याच कामाला तोंडघशी पडल्या. अंगणात भर उन्हात चकचकीत, पत्र्यासारख्या कागदाचे फुगे भरले, एसीच्या हॉलमध्ये टांगले, तर थोड्याच वेळात सगळ्यांचे गाल बसले. "गळके आणलेत," यजमानीण म्हणाली. बाई ते फुगे घेऊन उन्हातून घरी निघाल्या, तर चौकापर्यंत फुगे पुन्हा टम्म. त्या भररस्त्यात हसत सुटल्या आणि तेव्हापासून हवेचा स्वभाव ओळखून वागू लागल्या.

पुढे एका सुनेने सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला हवाबाईंना बोलावलं. सासरे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या तराजूवर विश्वास ठेवला नव्हता, तर फुग्यावर कुठून ठेवणार? बाहेर भरून आणलेले सोनेरी सात आणि पाच या आकड्यांचे फुगे हॉलच्या गारठ्यात जरा सुरकुतले, तशी त्यांची नजर त्यावर गेलीच.

"बाई, हवा कमी भरलीत."

"भरली तेवढीच आहे काका. गार झाली म्हणून अंग चोरून बसलीय."

निरीक्षकांनी बादली मागवली आणि पंक्चर शोधतात तसा पाच पाण्यात दाबला. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"आता उन्हात धरा," हवाबाई म्हणाल्या.

पाचाच्या सुरकुत्या गेल्या. आत आणला, परत आल्या. निरीक्षकांनी तीन फेऱ्या मारल्या. घरचे उत्सवमूर्ती सोनेरी पाच कडेवर घेऊन आत-बाहेर करताहेत, हे पाहुणे गुपचूप बघत होते. चौथी फेरी हवाबाईंनी सुचवली. तिची काही गरज नव्हती.

"फुगा सैल आहे तोवर आतला दाब बाहेरच्याइतकाच," त्यांनी समजावलं. "हवा तापली की जास्त जागा घेते, निवली की कमी. वजन करून बघा हवं तर, तेवढंच भरेल."

"मग इथे गारठ्यातच गच्च भरू. सैल पडायचा प्रश्नच मिटला." निरीक्षकांनी पंप हातात घेतला.

"आतच ठेवणार असाल तर भरा. बाहेर न्यायचा असेल तर थोडी जागा सोडा. हा कागद रबरासारखा ताणला जात नाही."

"चाळीस वर्षं मापं तपासलीत मी."

त्यांनी पाच गच्च भरला. शहाण्याला दोनदा सांगायचं नाही, हा हवाबाईंचा नियम होता.

दुपारी फोटोसाठी सगळे बागेत जमले. पाच उन्हात कडक झाला, चकाकला, आणि फोटोवाला "हसा" म्हणायच्या बेतात असतानाच शिवणीत फाटला. असा आवाज झाला की निरीक्षक सुनेच्या मागे गेले.

"बाबा," सून म्हणाली, "तुम्ही आता सात वर्षांचे."

आधी पाहुणे हसले, मग खूप वेळाने निरीक्षकही. फोटो नुसत्या सातासोबतच निघाला. तो निघाल्यावर हवाबाईंनी पिशवीतून जादाचा पाच काढला आणि जागा सोडून भरला.

"हा आधी का नाही काढलात?" सुनेने हळूच विचारलं.

"विसरले," हवाबाई म्हणाल्या, आणि गाठ मारायला वळल्या.

तो फोटो आता निरीक्षकांच्या बैठकीत आहे. पाच आपण प्रयोग म्हणून मुद्दाम फोडला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. हवाबाई समोर असल्या तर त्याही मान डोलावतात.