पेटीतला पहिला नंबर

लेकीचा फोन वाजला की आई दचकायची. हल्ली तर तो वाजायच्या आधीच दचकायची. लेक शिडीच्या टोकाला उभी आहे, डोळे मिटायला आलेत, खिशातला फोन वाजतोय, ती एका हातानं तो काढायला जाते आणि शिडी सरकते, हे चित्र आईच्या डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हतं. बरं, ते काही हवेतून आलेलं नव्हतं. मागच्याच आठवड्यात लेक एका कापडाच्या दुकानात शिडीवरून घसरली होती. गुडघा काळानिळा झाला होता. घरी येऊन तिनं ‘जरा पाय सटकला’ एवढंच सांगितलं. उभ्या उभ्या पेंग आली होती, हे आईनं दुसऱ्या दिवशी खोदून खोदून काढून घेतलं, आणि काढून घेतल्यापासून तिचीच झोप उडाली.

लेक अलार्म बसवायची. घरं, दुकानं, गोदामं, दवाखाने, जिथे बोलावतील तिथे. नातेवाइकांत कोणी विचारलं तर आई ‘सुरक्षा यंत्रणेचं काम करते’ असं जरा भारदस्त सांगायची, आणि वडील लगेच ‘चोरांच्या पोटावर पाय देते’ अशी भर घालायचे. वडील तिला फ्यूज म्हणायचे. लहानपणी तिनं केसातली पिन प्लगमध्ये खुपसून अख्ख्या इमारतीचे दिवे घालवले होते. शेजारीपाजारी मेणबत्त्या घेऊन जिन्यात जमले, तर ही त्यांच्यात फिरून ‘तुमचेपण गेले का?’ असं विचारत होती. मार मिळायचा तो राहिलाच. हे विचारताना तिच्या आवाजात भीती नव्हती, नुसतं कौतुक होतं. पुढे तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका मालकाच्या हाताखाली तारा ओढल्या, मग स्वतःची शिडी घेतली. लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि त्यावर घरात आता कोणी बोलत नसे. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत ती एकटी राहायची आणि रविवारी आईबाबांकडे जेवायला यायची.

नुसता भोंगा बसवून काही होत नाही, असं तिचं म्हणणं. भोंगा वाजला की लोक खिडक्या लावून घेतात. म्हणून ती भोंग्याच्या जोडीला एक पेटी बसवायची. पाठ्यपुस्तकाएवढी पांढरी पेटी, टेलिफोनच्या तारेला जोडलेली, वर आकड्यांची बटणं आणि आत बॅटरी, म्हणजे चोरानं वीज तोडली तरी ती जागी. दार फोडलं, धूर झाला, काही बिघडलं की पेटी आपणहून फोन लावते आणि आधी भरून ठेवलेला निरोप ऐकवते. पहिल्या नंबरानं नाही उचलला तर दुसरा, तो नाही तर तिसरा. कोणीतरी उचलेपर्यंत ती गप्प बसत नाही.

तो निरोप खरं म्हणजे घरच्या माणसानं आपल्या आवाजात भरायचा. पण पेटीपुढे उभं राहिलं की भल्याभल्यांची बोबडी वळते. एका दुकानदारानं घसा खाकरून, शर्ट नीट करून, बटण दाबलं आणि ‘हॅलो, कोण बोलतंय?’ असं पेटीलाच विचारलं. एका बाईंनी सुरुवात छान केली आणि मधेच नवऱ्याला दूध बंद करायला सांगितलं, तेही भरलं गेलं. शेवटी लेकच आपल्या आवाजात भरून द्यायची. त्यामुळे शहरभर कितीतरी भिंतींत तिचा आवाज बसलेला होता. वडील म्हणायचे, आमची फ्यूज बोलते कमी, पण बोलली की लोक अंथरुणातून उठून पळतात.

निरोपापेक्षा नंबरांचं काम अवघड. लेक प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारायची. अपरात्री फोन केला तर उचलेल आणि धावत येईल असा माणूस कोण? हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारात पडतात. पहिलं नाव पटकन येतं, दुसऱ्याला वेळ लागतो. तिसऱ्याला नवराबायको एकमेकांकडे बघतात, भाऊ आहे पण त्याच्याशी बोलणं नाही, शेजारी आहेत पण त्यांना नको. एकदा एक म्हातारे गृहस्थ पहिल्याच नावाला अडले आणि म्हणाले, “ताई, तुमचाच घाला की.” तिनं घातला. आणि तिथून हे लागलं मागे.

तशी तिची एक जुनी पद्धत होतीच. नवी पेटी बसवली किंवा जुनी दुरुस्त केली की पहिल्या आठवड्यात पहिला नंबर ती स्वतःचा ठेवायची. सुरुवातीला पेटी उगाचच ओरडते. पडदा हलला, मांजर आलं, वाढदिवसाचा राहिलेला फुगा दुकानभर फिरला, की लावला फोन. गिऱ्हाइकाची दोनदा झोपमोड झाली की तो वैतागून तारच उपटतो, मग सगळंच मुसळ केरात. म्हणून तो त्रास ती आपल्या अंगावर घ्यायची, कारण शोधायची, आणि आठवडा झाला की जाऊन गिऱ्हाइकाचा नंबर पहिला करून यायची. पण अलीकडे कामं वाढली, पाय चालेनासे झाले, आणि गिऱ्हाइकंही ‘असू द्या ना ताई, तुमचाच बरा’ म्हणायला लागली. काही ठिकाणी तो बदलायचा राहिला. मग आणखी काही ठिकाणी राहिला. आता शहरात कुठे पान हललं की फोन तिलाच.

त्या रविवारी दुपारी ती आली तीच भिंतीला हात लावत. केसांत भिंत खोदल्याचा चुरा, अंगठ्यावर तारांना सोल्डरचा डाग देताना भाजल्याची खूण. ताटावर बसून दोन घास खाल्ले, तिसरा हातातच राहिला. आईनं काही विचारलं की ‘हं’ म्हणायची, वडिलांनी चेष्टा केली तरी ‘हं’च. काल औषधांच्या गोदामाचं काम उरकायला फार उशीर झाला, एवढं कळलं. तिथल्या कोल्ड रूमचं मशीन नुकतंच बदललं होतं, आत गारवा कमी झाला की कळवायला एक तार तिनं पेटीला जोडून दिली होती, आणि पद्धतीप्रमाणे पहिला नंबर स्वतःचा ठेवला होता. मग ती बाहेरच्या खोलीत कोचावर आडवी झाली आणि पाय वर घ्यायच्या आत झोपली. आईनं तिचे पाय उचलून वर ठेवले. उतरवलेल्या ओझ्यासारखे पडले ते.

टेबलावरचा फोन वाजला. लेक डोळे न उघडता चाचपडायला लागली. आईनं तो उचलून कानाला लावला, तर तिकडून लेकीचाच आवाज, खणखणीत, न थकलेला. कापडाच्या दुकानात हालचाल झाली आहे, असं तो सांगत होता. आईनं दुकानदाराला फोन केला. तो दुकानातच होता, माल लावत होता, आणि अलार्म बंद करायचा विसरला होता. हसला. ‘ताईंना सांगा, सगळं ठीक आहे.’

सगळं ठीक आहे म्हणे. आईनं कोचाकडे पाहिलं आणि फोनचं बटण दाबून तो चक्क बंद करून टाकला.

वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं. “फ्यूज काढलास?”

“झोपू दे तिला तासभर. जग बुडत नाही.”

मग घरात इतकी शांतता झाली की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. आई खुर्ची ओढून लेकीजवळ बसली. झोपेत कपाळावरची आठी सुटली होती. ही मुलगी कधीच फोन बंद करत नाही, सिनेमात नाही, आजारपणात नाही, याचा आईला नेहमी राग यायचा. कामाला कसली एवढी हौस. आणि मग तिला आठवलं की याच रागातून तिनं मागे कधीतरी विचारलं होतं, आणि लेकीनं उत्तरही दिलं होतं. त्या वेळी आईचं लक्ष तिच्या भाजलेल्या बोटाकडे होतं, शब्द नुसते कानावरून गेले होते. ते आता एकेक करून परत आले.

नव्या पेट्यांना फोन उचलणाऱ्यानं शून्य दाबून पोच द्यावी लागते. जुन्यांना तसलं काही नाही. “आई, जुनी पेटी भोळी असते गं,” लेक म्हणाली होती. “पलीकडे आवाज आला की तिला वाटतं, माणूस भेटलं. माझा फोन बंद असेल तर ‘हा फोन सध्या बंद आहे’ म्हणणारी कंपनीची बाई बोलते ना, तिलाच ती सगळा निरोप सांगते आणि समाधानानं गप्प बसते. दुसऱ्या नंबरापर्यंत जातच नाही.”

गोदामातली पेटी जुनी होती. ती पंधरा वर्षांची म्हातारी अजून नोकरी करतेय, असं लेक मघाशी जेवताना पुटपुटली होती.

आईनं फोन चालू केला. चालू होताना तो जो सूर काढतो, तो तळहातानं दाबून धरला. लेकीच्या फोनचं कुलूप तिला उघडता येत होतं, जेवताना हात खरकटे असले की लेकच तिला निरोप वाचायला सांगायची. क्षणभर काहीच आलं नाही, आणि आईनं सुटकेचा श्वास घेतला. तेवढ्यात संदेश आला. फोन बंद असताना या नंबरावरून फोन आला होता, आणि नंबराच्या जागी लेकीनं साठवलेलं नाव. ‘औषध गोदाम पेटी’.

आईनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. म्हणजे पेटीनं आपलं काम केलं होतं. लेकीच्या आवाजात कंपनीच्या बाईला सांगितलं होतं, की कोल्ड रूममधला गारवा उतरतोय, ताबडतोब या. आणि आता ती समाधानानं गप्प होती. आत कोणाकोणाची औषधं, गार राहिली तरच औषधं, नाहीतर नुसतं पाणी. आणि उद्या सगळे लेकीलाच विचारणार, ताई, फोन का नाही उचललात.

“उठव तिला,” वडील हलक्या आवाजात म्हणाले. त्यांनी आईच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं होतं.

आईनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. उठवली तर काय होईल हे तिला लख्ख दिसत होतं. लेक तशीच उठेल, चपलेत उलटे पाय घालेल, अर्ध्या झोपेत गाडी काढेल, शहर ओलांडून जाईल आणि तिथं पहिली गोष्ट म्हणजे शिडी लावेल. सांगायचं होतं ते मात्र एवढंच, की मशीन बघा. ते सांगायला शिडी लागत नाही. दार बंद असेल तर गारवा एकदम जात नाही, थोडा वेळ मिळतो, हेही लेक कधीतरी बोलली होती. फोन नुकताच येऊन गेला होता.

तिनं हात काढून घेतला. लेकीच्या फोनमध्ये पेटीच्या नावाखालीच ‘औषध गोदाम मॅनेजर’ असं नाव होतं.

फोन घेऊन ती गॅलरीत गेली आणि मागे दार ओढून घेतलं. काय बोलायचं ते मनात जुळवलं. आधी मशीन, ताबडतोब. मग हे, की लेकीनं नाही, मी फोन बंद केला होता, मी तिची आई. आणि शेवटी, तो चिडला असला तरी शांतपणे, की यापुढे पेटीत पहिला नंबर तुमचा घालायचा, कसा घालायचा ते ती उद्या झोप पुरी झाली की सांगेल. बाकीच्यांनाही हेच सांगायचं होतं, एकेकाला, नावं शोधून. पण आधी हा.

काचेतून कोच दिसत होता. वडील उठून लेकीच्या अंगावर चादर घालत होते. आईनं मॅनेजरच्या नावावर बोट ठेवलं आणि फोन कानाला लावला.